मुंबईत राहून गावासाठी काय करता येतं? वाचकांचे प्रश्न

शिमगा आटोपून मंडळी मुंबईला परतली की आमच्याकडे गावच्या तक्रारींची पत्रं येऊ लागतात. त्यांतल्या सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची आणि गावांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत ४० घरं आहेत, त्यांतली १४ बारमाही उघडी असतात. विहीर मार्चअखेरीस तळ गाठते. चार वर्षांपूर्वी वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने बोअर मारली, ती दुसऱ्याच उन्हाळ्यात आटली. आता मंडळाकडे सहा लाख रुपये जमले आहेत. दुसरी बोअर मारावी की टाकी बांधावी? (मंडळाचे खजिनदार, भांडुप)

तूर्त दोन्ही नको. तुमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी मार्चमध्ये घसा कोरडा पडतो. वरचा जांभा सच्छिद्र आहे. पावसाचं पाणी तो झटकन आत घेतो आणि तितक्याच झटकन उताराला झऱ्यांवाटे सोडून देतो. खालच्या काळ्या कातळात पाणी मुरतं ते फक्त भेगांमधून. बोअरला भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. भेगेतलं पाणीही साठ्याचं असेल तर एक-दोन उन्हाळ्यांत संपतं, तुमच्या बोअरचं बहुधा हेच झालं आहे. खोल जाऊन फायदा होईलच असं नाही. शिवाय राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं आहेत, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत खासगी बोअर मारण्यावरही बंधन आहे.

पहिलं काम मोजणीचं. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. उघडी १४ घरं म्हणजे साधारण ४० माणसं, त्यांना रोज २,२०० लिटर लागतात. मे महिन्यात चाळीसही घरं उघडली आणि वाडीत २०० माणसं झाली की हीच गरज ११,००० लिटरवर जाते, तीही विहीर सगळ्यात खाली गेलेली असताना. म्हणजे मे महिन्यातला ताण बराचसा आपणा चाकरमान्यांच्या येण्याने पडतो. हे मंडळाच्या बैठकीत स्पष्ट सांगा, कारण वर्गणीचं गणितही त्यावरच बसवायचं आहे.

दुसरं काम विहिरीची चाचणी. ती मे महिन्यातच घ्या. नोव्हेंबरात पंप लावून ‘भरपूर पाणी आहे’ असा शेरा मारलेल्या योजना पुढच्या एप्रिलमध्ये बंद पडतात. मे महिन्यात विहीर उपसा आणि पाणी पुन्हा पहिल्या पातळीला यायला किती तास लागतात ते लिहून ठेवा. हा आकडा घेऊन जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जा आणि भूवैज्ञानिकाकडून जागेची पाहणी करून घ्या. पाणाड्याच्या नारळावर सहा लाख लावू नका.

त्यानंतर खर्च या क्रमाने करा. विहिरीतला गाळ काढणं, कठडा बांधणं आणि भोवती सांडपाणी वाहून नेणारी पन्हळ करणं. मग वरच्या अंगाच्या पऱ्यावर (ओढ्यावर) वनराई बंधारे. बंधारा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस थांबला पण पऱ्या वाहता आहे अशा वेळी घालायचा. सिमेंटची रिकामी पोती दोन-तृतीयांश भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधेमोड करून रचायची. आठ मीटर रुंद आणि एक मीटर उंच बंधाऱ्याला पाया पावणेदोन मीटर आणि माथा अर्धा-पाऊण मीटर धरला तर २५० ते ३०० पोती लागतात. पाण्याच्या बाजूने मातीचा लेप किंवा प्लॅस्टिकचा कागद लावा आणि जादा पाण्याला एका अंगाने वाट ठेवा. पोती गच्च भरली तर ती एकमेकांवर बसत नाहीत आणि फटींतून पाणी पळतं. वाट ठेवली नाही तर अवकाळी पावसाची एक सर सगळं घेऊन जाते. अशा दोन-तीन बंधाऱ्यांनी विहिरीचं पाणी किती दिवस लांबतं ते एक वर्ष पाहा. टाकीचा विचार त्यानंतर.

विहीर, टाकी, पंपघर कुणाच्या जमिनीत आहे हे तपासल्याशिवाय मात्र एक रुपयाही खर्च करू नका. ‘आमच्या काकांची जागा आहे, ते काही बोलणार नाहीत’ हे काका असेपर्यंत चालतं. पुढची पिढी कुलूप लावते. जागेचं नोंदणीकृत बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावे करा आणि बांधलेली वस्तू ठरावाने पंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत घाला. विजेचं बिल, पंपचालकाचं मानधन आणि दुरुस्ती हा खर्च १४ घरांना झेपणार नाही. बंद घरांनीही वर्षाची पाणीपट्टी भरायची असं आधीच लेखी ठरवा.

पाणी शुद्ध करायच्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचंही सांगतो. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतं, पण उघडं पोतं दमट हवेत पडलं की ते उडून जातं. हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम पुरतं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते १४,००० लिटर होतं, म्हणजे ३५ ते ७० ग्रॅम पावडर लागेल. ती बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा. एका तासाने पंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, करून घ्या. पाणी पिवळं झालं नाही तर पावडर कमी पडली किंवा मेलेली आहे.

पायवाटेवरून भावकीत वाद झाला. गावकीच्या बैठकीत आम्हाला २५ हजार रुपये दंड सांगितला, तो आम्ही दिला नाही. यंदा पालखी आमच्या अंगणात आली नाही, काकांच्या दिवसकार्याला कुणी फिरकलं नाही, दुकानदार आईला सामान देत नाही. मुंबईतल्या मंडळानेही आमची वर्गणी घ्यायचं बंद केलं. ‘गावची रीत’ म्हणून गप्प बसायचं का? (वाचक, लालबाग)

गप्प बसू नका, हा गुन्हा आहे. ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम, २०१६’ हा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकण्याच्या तक्रारी येत होत्या, आणि आंतरजातीय लग्नांवरून जातपंचायती कुटुंबं मोडत होत्या. कायदा त्या सगळ्यांतून आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कार टाकण्यासाठी बैठक बोलावणं आणि त्याला चिथावणी देणं हेही गुन्हेच आहेत. कायद्यातल्या ‘जातपंचायत’ शब्दावर अडू नका. नोंदणी असो वा नसो, समाजातल्या माणसांनी बनवलेलं मंडळ त्यात बसतं, म्हणून गावकीही येते आणि मुंबईचं मंडळही.

तक्रार टिकते की नाही हे तुमच्या लिहिण्यावर ठरतं. ‘गावाने आम्हाला वाळीत टाकलं’ एवढंच लिहिलं तर पोलीस म्हणतात, गावावर गुन्हा कसा दाखल करू? नावं लिहा. कोणत्या तारखेला, कुणाच्या ओटीवर किंवा कोणत्या देवळात बैठक झाली, कोण अध्यक्षस्थानी होता, कोणत्या शब्दांत निर्णय सांगितला. मग प्रत्येक घटना वेगळी लिहा: दुकानदाराने आईला सामान कोणत्या दिवशी नाकारलं आणि काय कारण दिलं, दिवसकार्याला येऊ नका असा निरोप कुणी फिरवला. बैठकीच्या वहीतल्या पानाचा फोटो, दंडाची चिठ्ठी, मोबाइलवरचे संदेश, जुन्या वर्गणीच्या पावत्या जोडा. पालखी आली नाही एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. पालखी तुमच्याकडे न्यायची नाही असं ठरवलं, हे दिसलं पाहिजे. नुसतं व्हॉट्सअॅप गटातून काढणंही एकट्याने पुरेसं नाही, पण साखळीतली कडी म्हणून ते उपयोगी पडतं.

तक्रार गावच्या पोलीस ठाण्यात देता येते आणि मुंबईतल्या ठाण्यातही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून पोलिसांना नाही म्हणता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंद होते आणि कागद गावच्या ठाण्याकडे जातात. गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्याने घेतलंच नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्यानंतर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायदा म्हणतो.

दंड ‘एकदाचा देऊन टाकू’ असा सल्ला तुम्हाला घरातूनच मिळेल. देऊ नका. पैसे दिले की बैठकीचा अधिकार तुम्ही मान्य केलात असं ते सांगतात, आणि पुढच्या खेपेला आकडा वाढतो. तडजोड करायचीच असेल तर कायद्यात तीही वाट आहे. तुमची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं. पायवाटेचा मूळ वाद वेगळा आहे. त्यासाठी तहसीलदारांकडे स्वतंत्र अर्ज करा, दोन्ही एका कागदावर मिसळू नका.

आम्ही साठ-सत्तर मुंबईकर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गेलो. सरपंच म्हणाले, तुम्हाला बोलायचा हक्क नाही. खरं आहे का? (वाचक, घाटकोपर)

तुमची नावं मुंबईच्या मतदारयादीत असतील तर सरपंचांचं म्हणणं बरोबर आहे. ग्रामसभा म्हणजे त्या पंचायतीच्या यादीतले मतदार. दोन ठिकाणी नाव ठेवणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याचा भंग आहे, तो मोह टाळा. निवृत्त होऊन खरंच गावी राहायला गेलेल्यांनी नमुना ८ भरून नाव तिकडे न्यावं.

पण तुमचे आईवडील, वहिनी, चुलते मतदार आहेत. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. तुमचा विषय सभेच्या आधीच ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, लेखी देऊन पोच घ्यायला लावा, म्हणजे ‘आयत्या वेळचा विषय’ म्हणून तो बाजूला पडत नाही. सगळ्यात जास्त फसवणूक कार्यवृत्तात होते. सह्या आधी घेतात, पान कोरं राहतं, ठराव मागाहून भरतात. ठराव सभेतच वाचून दाखवा असा आग्रह वडीलधाऱ्यांनी धरायचा.

मुंबईत बसून तुम्ही हिशेब पाहू शकता. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर प्रत्येक पंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च खुला आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तुमच्या पंचायतीत तो कशावर गेला ते पाहा. शंका आली तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एका अर्जात एकच काम विचारा. ‘गेल्या दहा वर्षांचा सगळा हिशेब द्या’ असा अर्ज केला की उत्तरही तितकंच मोघम येतं.

वडील ७४, आई ७१. दोघंही मुंबईला यायला तयार नाहीत. वडिलांना रक्तदाब आणि साखर आहे. पैसे दरमहा पाठवतो, शेजाऱ्यांना ‘लक्ष ठेवा’ सांगितलं आहे. आणखी काय करू? (वाचक, कांदिवली)

त्यांना ओढून आणू नका. दहा बाय बाराच्या खोलीत बसून राहिलेलं माणूस लवकर खचतं. पण ‘लक्ष ठेवा’ हे काम होत नाही, ती सदिच्छा झाली. वाडीतल्या एखाद्या बाईला ठरलेलं मानधन द्या आणि काम नेमकं सांगा: रोज सकाळी एक फेरी, गोळ्या घेतल्या का पाहणं, तुम्हाला एक फोन. पैसे वेळेवर द्या. नात्यातल्या माणसाला फुकट सांगितलं की पहिल्या भांडणात फेरी बंद होते.

औषधं उपकेंद्रातून मिळतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे दोघांची नोंद करा, रक्तदाब आणि साखर तिथेच तपासली जाते. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधारवर निघतं, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार. मात्र ते दाखल झाल्यावर आणि यादीतल्या रुग्णालयातच चालतं. जवळचं यादीतलं रुग्णालय कोणतं ते आजच शोधून ठेवा. मध्यरात्री ते शोधता येत नाही.

फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा: १०८, उपकेंद्राचा आणि आशाताईंचा नंबर, दोघांची औषधं मात्रेसह, आणि गाडी जिथवर येते त्या जागेचं नाव. १०८ ला ‘खालची वाडी’ सांगून कळत नाही. साकवाजवळ (ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळ), अमुक शाळेपुढे असं सांगावं लागतं. तिथवर माणूस उचलून आणायला खुर्ची आणि दोन बांबू लागतात. कुणाच्या पडवीत आहेत ते ठरलेलं असू द्या.

दोन प्रसंगांत वेळच औषध असतो. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोबडी वळली, तर अर्धांगवायूचा झटका समजा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतं. म्हणून मालिश करणाऱ्याकडे किंवा सलाइन लावणाऱ्या दवाखान्यात न थांबता जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. दुसरा प्रसंग सर्पदंश. दोरी घट्ट आवळू नका, कापू नका, चालवू नका. हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि सरकारी दवाखान्यात न्या, निघताना फोन करून लस आहे का ते विचारा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखतही नाही. पावसाळ्यात दोघांनी खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपावं. विंचवासाठीही प्राथमिक आरोग्य केंद्रच गाठा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिल्यापासून कोकणात विंचूदंशाने जाणारे जीव वाचू लागले. मांत्रिकाकडे गेलेला तास वाया जातो.

पैशांबद्दल: गावात अंगठा लावून पैसे काढून देणारे असतात, तिथे फसवणूकही होते. आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवा, पैसे काढायच्या वेळीच उघडा.

माझी भावजय ३८ वर्षांची, दीड महिन्यापूर्वी भाऊ शेतात वीज पडून गेला. सासरचे कागदांवर सह्या मागत आहेत. गावात विधवा प्रथा बंदीचा ठराव झाला आहे, तरी हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नाही. (वाचक, चेंबूर)

आधी कागद. हिंदू वारसा कायद्याने भावाच्या वाट्याची जमीन बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखी मिळते. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. ई-हक्क प्रणालीवर मुंबईतूनही भरता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते-नातं आणि स्वयंघोषणापत्र लागतं. नोंद फेरफार नोंदवहीत जाते, १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तुमच्याकडे आता दीड महिनाच उरला आहे. अर्जात मुलींची नावं गाळली जातात, ती आवर्जून तपासा.

सासरचे पुढे करतात ते बहुधा हक्कसोडपत्र असतं. ते नोंदणीकृत असल्याशिवाय चालत नाही, म्हणून दुय्यम निबंधकांकडे ‘फक्त सहीपुरतं’ नेतात. तिथे तिने जाऊ नये. वाचून समजल्याशिवाय कोऱ्या मुद्रांकावर तर अजिबातच सही नको. वीज पडून मृत्यू झाल्यामुळे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानाचे दोन लाख रुपये मिळू शकतात. अजून अर्ज केला नसेल तर आजच तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटा, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडा. उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये तहसील कार्यालयातून.

हळदीकुंकवाचं दुखणं खरं आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर पंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. ठरावाने जबरदस्ती करता येत नाही. जिथे फरक पडला तिथे पंचायतीच्या झेंडावंदनाला, शाळेच्या कार्यक्रमाला, बचत गटाच्या बैठकीला विधवा बाईला मानाने पुढे बसवलं गेलं. सुरुवात तुमच्या घरापासून होऊ शकते. पुढच्या गौरीला ओटी तिच्या हातून भरून घ्या, आणि तुमच्या आईने ते सगळ्यांदेखत सांगावं.

गावच्या शाळेत नऊ मुलं आणि एक गुरुजी उरले. मंडळाने दोन संगणक दिले, ते खोक्यात पडून आहेत. शाळा वाचेल का? (वाचक, विक्रोळी)

संगणक काढायच्या आधी शाळेचं वीजबिल थकलं आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी वीजच तोडलेली असते. एकशिक्षकी शाळेचं खरं दुखणं असं, की गुरुजी तालुक्याच्या बैठकीला किंवा सर्वेक्षणाला गेले की त्या दिवशी शाळा बंद. हे पाहून पालक मुलं व्हॅनने इंग्रजी शाळेत धाडतात. म्हणून मंडळाचे पैसे गावातल्याच बारावी-पदवी झालेल्या सुनेच्या मानधनावर लावा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्या समितीने ठराव करून तिला मदतनीस म्हणून घ्यावं. अंगणवाडीची यादी पाहून पुढच्या तीन वर्षांत पहिलीला किती मुलं येतील तेही मोजा. त्या घरांशी आत्ताच बोला, जूनमध्ये उशीर होतो.

शाळा दुसरीकडे जोडण्याची नोटीस आलीच तर शिक्षण हक्क कायद्याचं अंतर धरा: पाचवीपर्यंत एक किलोमीटर, आठवीपर्यंत तीन. अंतर नकाशावरून मोजू देऊ नका. मुलं ज्या वाटेने चालणार ती जुलैमध्ये चाला, वाटेतला पऱ्या किती चढतो, साकव आहे का, त्याचे तारखेसह फोटो गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी हरकतीसोबत द्या.